सावलीचा खटला आणि 'संदर्भ हवा'

पोटासाठी मी बियाणं विकतो. सुलतानपूरला एसटी थांबते तिथून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर माझं कृषी सेवा केंद्र आहे. पण या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाचे अनुभव लिहा' म्हटलं, तेव्हा मला दुकान आठवलंच नाही. आठवलं ते दुसरंच काम. त्याचा मला आजवर पगार मिळालेला नाही, त्यातून रजा मिळत नाही, आणि ते काम आहे हे मंदा, म्हणजे माझी बायको, अजून मानत नाही. आंतरजालावर जो सगळ्यांसाठी खुला असा मराठी ज्ञानकोश आहे, त्याचा मी एक संपादक आहे.

संपादक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे टेबल, चष्मा आणि शिपाई आला असेल तर त्या तिघांनाही घरी पाठवा. हा ज्ञानकोश कुणीही लिहू शकतो. कुणीही म्हणजे अगदी कुणीही: तुम्ही, मी, शेजारचा सलूनवाला. हीच त्याची थोरवी आणि हीच आमची डोकेदुखी. वाचकाला नुसता लेख दिसतो. पण प्रत्येक लेखामागे दोन खोल्या असतात. एका खोलीत लेखाचा इतिहास असतो: कुणी कोणतं वाक्य घातलं, कुणी खोडलं, सगळं तिथे राहतं, काहीच मरत नाही. दुसरी खोली म्हणजे चर्चापान. तिथे आम्ही भांडतो. आणि आमच्या हाती एकच हत्यार असतं, 'उलटवा' नावाचं बटण. ते दाबलं की दुसऱ्याने केलेला बदल नाहीसा होतो आणि लेख पहिल्यासारखा होतो. तो मग आपला बदल उलटवतो. आपण त्याचा. असे दिवस छान जातात.

वरवट बकालचा एक गृहस्थ आपल्या गावाच्या लेखात 'प्रसिद्ध व्यक्ती' या मथळ्याखाली रोज स्वतःचं नाव घालायचा. मी रोज काढायचो. पुढे पुढे ते आमचं एकमेकांना नमस्कार करणं होऊन बसलं. मध्ये तो बरेच दिवस दिसला नाही तेव्हा मला खरोखर काळजी लागली. एका सकाळी नाव पुन्हा दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. मग काढलं.

हे सगळं चालायचं दुपारी. त्या वर्षांत आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची आणि माझ्या दुकानात तिची वेळ दुपारची होती. रस्ता उन्हात वितळलेला, समोरच्या लिंबाखाली कुत्रं पसरलेलं, शेल्फावर कपाशीच्या पाकिटांची रांग. त्या पाकिटांवर बोंडांची चित्रं अशी की एकेक बोंड नारळाएवढं. मागे काउंटरवर माझा संगणक घरघरतोय आणि मी निजामाच्या हद्दीत, नाहीतर इंग्रजांच्या अमदानीत कुठेतरी हिंडतोय. गिऱ्हाईक आलं की मंदा आतून ओरडायची, "परत या! माणूस उभा आहे!" मी परत यायचो. जरा उशिरा यायचो.

बीटी कपाशी नुकतीच सगळ्या शिवारात पसरली होती. बोंडअळी आता गेलीच म्हणून लोक खुशीत होते. मग ती परत आली. एका मोसमात तर लोक पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, फांदी तोडून आणायचे आणि माझ्या काउंटरवर ठेवायचे. किडकं बोंड बोटाने उकलून दाखवायचे. मी काय बोलणार? पाकीट मी विकलं होतं, चित्र कंपनीने काढलं होतं. नामदेव नावाचा आमचा एक शेतकरी होता, तो दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा आणि मी काय करतो ते पाहायचा. मी त्याला उलटवण्याचं बटण दाखवलं होतं. त्या दिवशी त्याने फांदी ठेवली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "विनूभाऊ, हे नाही का उलटवता येत?" आम्ही दोघंही हसलो. मग मी फांदी उचलून बाजूला ठेवली.

ज्ञानकोशातल्या बीटी कपाशीच्या लेखाला मी कधी हात लावला नाही. आमचा नियम आहे: ज्यात आपले हितसंबंध गुंतले आहेत त्या विषयावर लिहायचं नाही. मी बियाणं विकणारा. म्हणून मी लांबच्या गोष्टी निवडायचो. आणि सगळ्यांत लांबची, सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे सावलीचा खटला.

हा खटला मला सापडला तो इंग्रज अमदानीतल्या एका जाडजूड सरकारी पुस्तकाच्या तळटिपेत. तेव्हा आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आणि शेजारी निजामाचं राज्य. दुसरबीडच्या अलीकडे पलीकडे कुठेतरी शिवेवर एक चिंच होती. बरोबर शिवेवर. तिथे शीव अशी वाकडी गेलेली की चिंचेच्या मावळतीला इंग्रज आणि उगवतीला निजाम. त्या चिंचेखाली एक पिंजारी बसायचा, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारा. सकाळी झाडाची सावली मावळतीला पडते, तेव्हा तो इंग्रजांच्या राज्यात. दुपार कलली की सावली उगवतीला जाते, तेव्हा तो आपलं पिंजण, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, उचलून निजामाच्या राज्यात. आता इंग्रजांचा शिपाई पट्टी मागायला यायचा जेवून-खाऊन, दुपारी. तेव्हा पिंजारी परमुलखात. निजामाचा माणूस यायचा सकाळच्या गारव्यात. तेव्हाही पिंजारी परमुलखात. दोघांचंही ठाम मत झालं की हा माणूस पट्टी चुकवतो. तो बिचारा ऊन चुकवत होता. शेवटी इंग्रजांच्या कचेरीने त्याच्यावर खटला भरला आणि खटला चालवणारा साहेब प्रत्यक्ष जागा पाहायला चिंचेखाली आला. तळटीप इथे संपते. पुढे काय झालं ते नाही.

एवढ्याशा तळटिपेचा आम्ही सुंदर लेख केला. आम्ही म्हणजे मी आणि पारिजात. पारिजात हे ज्ञानकोशावरचं टोपणनाव. पुण्याच्या या बाई बँकेतून निवृत्त झाल्या होत्या आणि ज्ञानकोशाच्या प्रचालक होत्या. प्रचालक म्हणजे आमच्यातले फौजदार: लेख कुलूपबंद करणं, मुखपृष्ठावर कोणता लेख लावायचा ते पाहणं, उपद्रवी माणसाला बाहेर काढणं ही त्यांची कामं. आम्ही एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं, पण चर्चापानावर आम्ही नवरा-बायकोसारखे भांडत होतो. मंदाचंच निरीक्षण आहे हे.

मी लिहिलं, 'शिवेवर एक भव्य चिंच होती.' पारिजात: "भव्य? कुणाच्या मते?" भव्य गेलं. मी लिहिलं, 'उन्हाने शिवार पांढरं पडलं होतं.' पारिजात: "आपण त्या दिवशी तिथे होतात का?" पांढरं शिवार गेलं. मग मी फार मन लावून एक वाक्य लिहिलं, 'भर दुपारी झाडाच्या सावलीत माणसाला झोप येते.' त्यापुढे चौकटी कंसात त्यांचे ते दोन शब्द उगवले: 'संदर्भ हवा'. हा आमचा शिक्का. वाक्यापुढे किंवा एखाद्या शब्दापुढे तो लावला की अर्थ असा: बाबा रे, हे तू कुठे छापलेलं वाचलंस ते सांग. मी चर्चापानावर लिहिलं, "बाई, दुपारी झोप येते याला संदर्भ?" उत्तर आलं, "मला येत नाही."

वाक्य गेलं. पण लेख काय उजळला म्हणून सांगू! पिंजण कसं असतं, त्याची ताणलेली दोरी, म्हणजे तात, कशी तुणतुणते, सरकी काढलेला कापूस कसा फुलतो, ती शीव कुणी आखली, सगळ्याला भक्कम संदर्भ. मतदान झालं आणि आमचा सावलीचा खटला पुढच्या महिन्यात मुखपृष्ठावर लावायचं ठरलं. मुखपृष्ठ म्हणजे ज्ञानकोश उघडल्याबरोबर दिसणारं पहिलं पान. मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले. लोकांना वाटलं नवीन वाण आलं.

आणि मग हुसेनचाचा आले.

दुसरबीडला रस्त्याला लागून हुसेनचाचांचं गाद्यांचं दुकान आहे. माझ्या लग्नातली गादी त्यांच्याच हातची. पाटीवर लिहिलेलं, 'सावलीवाले गादी कारखाना'. हो, तेच. चिंचेखालचा पिंजारी त्यांच्या आजोबांचा कुणीतरी वडीलधारा होता, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत त्या घराला सावलीवाले म्हणतात. भर दुपारी चाचा एसटीतून उतरले, दाढीवर कापसाचे दोन तंतू तसेच, हातात एका साप्ताहिकाची पुरवणी. काउंटरवर ती पसरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"विनूभाऊ, तुमी शिकलेले हा. हे वाचा."

ओळ अशी होती: 'त्या पिंजाऱ्याला लोक सावलीचोर संदर्भ हवा म्हणत असत.'

चाचा म्हणाले, "सावलीचोर समजलं मले. चोर म्हंजे चोर. पण हे 'संदर्भ हवा' काय हाये? ही चोराहून मोठी शिवी हाये का?"

आधी मला हसू फुटलं. असं फुटलं की मंदा पाणी घेऊन धावत आली. मग चाचांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

झालं होतं ते असं. आमच्या लेखात मतदानानंतर कुणा निनावी माणसाने ते 'सावलीचोर'चं वाक्य घातलं होतं; पेढ्यांच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. पारिजातबाईंनी नियमाप्रमाणे त्या शब्दापुढे 'संदर्भ हवा'चा शिक्का मारला होता. साप्ताहिकाच्या वार्ताहराने आमचा अख्खा लेख उचलला, कंस पुसले आणि शिक्क्यासकट छापून टाकला. मी घाईघाईने लेख उघडला. बघतो तर शिक्का गेलेला! पारिजातबाईंना साप्ताहिकाचा लेख आंतरजालावर सापडला होता, आणि त्यांनी तोच 'सावलीचोर'ला संदर्भ म्हणून जोडून टाकला होता. म्हणजे आमच्याकडून तिकडे गेलेली थाप तिकडून पुरावा होऊन आमच्याकडे परत आली होती. ही चूक आमच्या धंद्यातच होऊ शकते. गवंड्याला जमणार नाही, डॉक्टरला जमणार नाही.

"चाचा, तुमच्या घराण्याला कुणी चोर म्हणायचं का कधी?"

"कदी नाही! सावलीवाले म्हनत. इज्जतीनं म्हनत. आता हे छापून आलं तवापासून मोटारस्टँडवरचे पोट्टे म्हनून राह्यले, सावलीचोर चाचा, एक उशी द्या. पोरगा म्हनते, अब्बा, बोर्ड बदलून टाकू. न्यू स्टार गादी हाऊस. मी म्हनलं, मी मरेस्तोवर बोर्ड तोच राहीन." त्यांनी पुरवणीची घडी घातली. "पण विनूभाऊ, लोक ते वाचून हसतात तं मलेच त्या बोर्डाखाली बसाची लाज वाटून राह्यली."

आणि हा लेख मुखपृष्ठावर जायचा होता. आतापर्यंत मोटारस्टँडवर म्हणत होते, आता उभ्या महाराष्ट्रात म्हटलं जाईल, तेही संदर्भासहित. मी पेढे वाटले होते त्याच लेखातून.

चाचांना चहा पाजला, एसटीत बसवलं आणि मी चर्चापानावर उडी घेतली. ते वाक्य उलटवलं. पारिजातबाईंनी माझं उलटवणं उलटवलं. मी लिहिलं, "हे वाक्य आपल्याच लेखातून साप्ताहिकात गेलंय." उत्तर: "आपल्याकडे आधी आलं म्हणून ते खोटं ठरत नाही. वार्ताहराने गावात चौकशी केली असेल." मी लिहिलं, "छापील अंकात 'सावलीचोर संदर्भ हवा' असं छापलंय! तुमचा शिक्का छापलाय!" उत्तर: "आंतरजालावरच्या अंकात तसं काही दिसत नाही." साप्ताहिकवाल्यांनी तिथे शहाणपणाने दुरुस्ती करून ठेवली होती. मी पुरवणीचा फोटो काढून ज्ञानकोशावर चढवला. तो दुसऱ्याच एका प्रचालकाने प्रताधिकारभंग म्हणून काढून टाकला. मी लिहिलं, "त्या घरातल्या माणसानेच मला सांगितलंय." त्यावर जे उत्तर आलं ते मला अगोदरच पाठ होतं, कारण तेच मी आजवर शंभरजणांना दिलं होतं: "घरगुती आठवण हा संदर्भ होऊ शकत नाही."

मी रागाने संगणक बंद केला. म्हणजे करणार होतो, तेवढ्यात वीजच गेली.

मग एका दुपारी फोन आला. आवाज स्वच्छ, शब्द मोजके. "मी पारिजात बोलतेय. लोणारचं सरोवर पाहायला येणार आहे. तो छापील अंक डोळ्यांनी पाहीन म्हणते." मी उभा राहिलो. फोनवर. मंदा म्हणाली, "कोण, मुख्यमंत्री?"

दसरा होऊन गेला होता, उन्हाची तलखी होती. बाई सकाळीच लोणारचं विवर उतरून चढून आल्या होत्या. पांढरी टोपी, पायात बूट, खांद्याला पाण्याची बाटली, घामाने चेहरा लाल. मी त्यांना जीपमध्ये घालून थेट दुसरबीडला नेलं. वाटेत दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. कुठे बायका वेचत होत्या, कुठे पऱ्हाटी नुसतीच लाल पडून उभी होती. बाईंनी विचारलं, "ही वाळलीय का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी या वेळी संदर्भ मागितला नाही.

हुसेनचाचांचं दुकान म्हणजे समोर अंगण, अंगणावर बांबूच्या आधाराने दोऱ्यांनी ताणलेली ताडपत्री, आणि सगळीकडे उडणारा कापूस. पिंजण्याचं यंत्र आलंय, पण वीज नव्हती म्हणून चाचांनी भिंतीवरचं जुनं पिंजण काढलं होतं. तुंग, तुंग, तुंग. कापूस हवेत उठायचा, उन्हाच्या तिरिपेत थबकायचा आणि सावकाश खाली यायचा. मी तिथे पोचलो की माझं नेहमी असंच होतं, मी कशाला आलोय तेच विसरतो.

चाचांनी बाईंना नव्या भरलेल्या गादीवर बसवलं. "बसा बाईसाहेब. कच्ची हाये, शिवाची बाकी हाये, पण बसा."

बाई बसल्या आणि लगेच कामाला लागल्या. "चाचा, तुमच्या घरात या खटल्याबद्दल काय सांगतात? मी लेखात घालू शकणार नाही, पण ऐकायला आवडेल."

चाचांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, या माणसाने ही गोष्ट सांगायला कुणी मिळेल म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली असणार.

"त्याचं असं झालं बाईसाहेब. साहेब आला सकाळी. घोड्यावर. संगं एक चपराशी. चिंचेखाली त्याची खाट टाकली. तवा सावली कुठं? इंग्रजाकडं. साहेबानं समदं पाहिलं, विचारलं, लिहून घेतलं. मंग जेवला. कोंबडी होती म्हनतात. जेवल्यावर म्हनला, थोडं पडतो, मंग निकाल देतो. अन् झोपला."

"मग?"

"मंग काय, दुपार कलली. सावली सरकली. ऊन आलं साहेबाच्या तोंडावर. चपराशी बी झोपलेला. आमच्या पडदादानं पाहिलं. आता तुमीच सांगा, पाव्हना उन्हात कसा ठेवाचा? गुन्हेगार झाला म्हनून काय झालं! त्यानं खाट धरली अन् हळूच ओढली सावलीत. सावली कुठं होती तवा?"

"निजामाकडे," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"हाव! साहेब उठला तं निजामाच्या राज्यात! तिथं इंग्रज साहेबाचा निकाल चालते का? नाही चालत. अन् कोनाले सांगनार, मी खटल्यात झोपलो म्हनून? घोड्यावर बसला अन् गेला. निकाल बी नाही, पट्टी बी नाही. तवापासून आमी सावलीवाले. सावली चोरली नाही बाईसाहेब, सावली दिली!"

मी टाळी वाजवायला हात उचलला आणि तसाच ठेवला. बाईंच्या बाजूने काहीच प्रतिसाद आला नव्हता. वळून पाहिलं. पुण्याच्या पारिजातबाई, ज्ञानकोशाच्या प्रचालक, विवराच्या चढणीने थकलेल्या, नव्या कापसात रुतून, टोपी छातीवर धरून गाढ झोपल्या होत्या. 'निजामाच्या राज्यात' त्यांनी ऐकलं की नाही, अजून वाद आहे.

चाचा ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहून हसले. आम्ही गप्प बसलो. पिंजण भिंतीला टेकवलं. रस्त्यावर गाड्या जात होत्या त्याही जणू पाण्याखालून. कापसाचे तंतू अजून तरंगत होते, एक बाईंच्या चष्म्यावर बसला. मलाही पेंग आली असावी, कारण मधल्या वेळेचं मला नीटसं आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की उन्हाची एक पट्टी अंगण ओलांडून बाईंच्या पायापर्यंत आली, मग गुडघ्यापर्यंत. चाचा उठले. ताडपत्रीची एक दोरी सोडली, दुसऱ्या बांबूला नेऊन बांधली. सावली हळूच सरकली आणि बाईंच्या अंगावर आली. चाचा पुन्हा येऊन बसले. त्यांना आपण काही विशेष केलंय असं वाटलेलंच नव्हतं.

नेमक्या तेव्हाच बाईंनी डोळे उघडले होते. त्यांनी दोरी पाहिली, हललेला बांबू पाहिला, आपल्या पायाशी थबकलेलं ऊन पाहिलं. बराच वेळ पडूनच राहिल्या.

मग उठून बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "तो अंक द्या."

चाचांनी दिला. बाईंनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यांचाच शिक्का, कंस गळून पडलेला, काळ्या शाईत छापलेला. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्या अशा हसल्या की रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला. "सावलीचोर संदर्भ हवा!" म्हणून पुन्हा हसल्या. आणि एकदम थांबून चाचांना हात जोडले.

"चाचा, माफ करा. हे वाक्य आजच जाईल."

मी हळूच म्हटलं, "बाई, दुपारी सावलीत झोप येते. संदर्भ मिळाला."

"तुम्ही गप्प बसा," बाई म्हणाल्या.

त्यांनी शब्द पाळला. ते वाक्य गेलं, साप्ताहिकाचा संदर्भ गेला, आणि चर्चापानावर बाईंनी स्वतः सविस्तर लिहिलं की हा संदर्भ आपल्याच लेखाची नक्कल होता. लेख मुखपृष्ठावर लागला. त्या दिवशी मी चाचांना दुकानात बोलावून पडद्यावर दाखवला. शेवटचं वाक्य बाईंनी लिहिलं होतं: 'या खटल्याचा निकाल उपलब्ध नाही.' चाचांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"हाव. हे बरोबर हाये," ते म्हणाले. "निकालच लागला नाही तं चोर कसा?"

पुढच्या आठवड्यात मी दुसरबीडवरून जात होतो. पाटी तीच होती, पण नवा रंग दिलेला. 'सावलीवाले गादी कारखाना'. आणि खाली पेंटरकडून बारीक अक्षरांत लिहून घेतलेलं: 'निकाल उपलब्ध नाही'. आत मुलगा कपाळाला हात लावून बसला होता आणि चाचा पाटीखाली खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला अर्थ समजावून सांगत होते.

मात्र चाचांची एक तक्रार राहिली. ती ते दर भेटीत काढतात.

"साहेब झोपला ते काऊन नाही लिहिलं?"

"चाचा, ते छापलेलं कुठेच नाही. छापलेलं लागतं."

"मंग छाप ना बे!"

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मला ज्ञानकोशाची ही खंत आजही आहे. पुस्तकात छापलेली तळटीप आत येते आणि जिवंत माणसाच्या ओठांवरची गोष्ट दाराबाहेर उभी राहते. नियम असा का, ते मला ठाऊक आहे. तो नसता तर वरवट बकालचा आमचा तो मित्र आज प्रसिद्ध व्यक्ती असता. तरीही.

म्हणून संपादकांनी 'अनुभव लिहा' म्हटल्यावर मी हाच अनुभव निवडला. दिवाळी अंक छापील असतो, वाचकहो. त्याला पानांचे क्रमांक असतात. साहेबाची झोप, खाट ओढणं, निजामाच्या राज्यातली जाग, हे सगळं आता छापलेलं आहे आणि तुम्ही ते वाचलेलं आहे. मी स्वतः यातलं काही ज्ञानकोशात घालणार नाही. चाचांनी मला एक उशी फुकट दिली आहे, त्यामुळे माझे हितसंबंध पार गुंतले आहेत. पण ज्ञानकोश सगळ्यांसाठी खुला आहे, एवढंच सांगून ठेवतो. पारिजातबाई उलटवतील म्हणा. त्यांनाही थोडं काम हवं.

हे लिहून झाल्यावर काल दुपारी कागद घेऊन दुसरबीडला गेलो. म्हटलं, ज्यांची गोष्ट त्यांना आधी ऐकवू. चाचा आता थकलेत, पिंजण भिंतीवरच असतं. अंगणात गादीवर टेकून बसले आणि मी वाचायला लागलो, माझ्या सवयीप्रमाणे आवाज बदलून, साहेबाचा वेगळा, चपराशाचा वेगळा. "वा," ते मध्येच म्हणाले. "कोंबडीचं टाकलं का?" म्हटलं, टाकलं. साहेब झोपतो तिथवर आलो आणि वर पाहिलं. चाचांची मान कलली होती, श्वास संथ चालला होता. उन्हाची पट्टी अंगण ओलांडून त्यांच्या गुडघ्यापर्यंत आली होती.

मी कागद खाली ठेवले, उठलो आणि ताडपत्रीची दोरी सोडून दुसऱ्या बांबूला नेऊन बांधली.